भिकुबाईच्या ताटातली कैरी

भिकुबाईच्या हातच्या स्वयंपाकाची कुणी कधी तारीफ केली नाही. तिची भाकरी एका अंगाला करपायची आणि वरणात मीठ कधी दोनदा पडायचं, कधी एकदाही नाही. नवरा दोधू पाटील मुकाट्यानं जेवायचा, कारण काही बोललं की भिकुबाईचं उत्तर वरणापेक्षा तिखट यायचं. पण चैत्र लागला, तापीच्या वाळवंटातली डांगरं-टरबुजं गावात यायला लागली, की गल्लीतल्या बायांना तिच्या ओट्यावर काही ना काही काम निघायचं. कुणी विरजण मागायला यायची, कुणी सुई. सुई मिळाली तरी कुणी उठायचं नाही.

कारण आत भिकुबाई फळं चिरत असायची. डांगर, म्हणजे आपलं खरबूज, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाला टेकवून ठेवलेलं. टरबूज, कोवळी काकडी, आणि पपई, तीही पुरती पिकू न दिलेली. सगळ्याच्या बोटाएवढ्या जाड फोडी. बारीक चिरलं की पाणी सुटतं आणि फळाचा लगदा होतो, असं तिचं म्हणणं. कैरी मात्र पातळ, साल ठेवून. शेवटी पाट्यावर भरड वाटलेली लाल मिरची आणि खडेमीठ, वरून लिंबू. मोठ्या पितळी ताटात सगळं हातानं एकदा वर-खाली करायचं की झालं. खाणाऱ्याला आधी डांगराचा गोडवा लागायचा, मागून कैरी दात आंबवायची आणि मग मिरची कानापर्यंत चढायची. बाया हाय हाय करत नाक पुसायच्या आणि पुन्हा हात पुढं करायच्या.

तिकडं मेक्सिको नावाच्या मुलखात फळं अशीच मिरची-मीठ-लिंबू लावून खातात, असं आता शिकलेली माणसं सांगतात. मिरची मुळातली तिकडची, पपईही तिकडचीच, तेव्हा त्यांना सुचलं यात मोठंसं काही नाही. भिकुबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती नंदुरबारची लेक. बापाचा मिरचीचा मळा होता. वाळत घातलेल्या मिरच्या राखताना भूक लागली की काकडी मोडायची आणि खाली सांडलेल्या भुकटीत बुडवून खायची, एवढंच तिचं शिक्षण. लग्न होऊन ती शहाद्याच्या अलीकडच्या या तापीकाठच्या गावात आली आणि तिच्या मिरचीला डांगर भेटलं.

तिला एकच लेक, शोभा. ती शहाद्याच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दिलेली. जावई नवल गरीब स्वभावाचा, त्याचा बाप त्याहून गरीब. घरात शब्द चालायचा तो विहिणीचा, तुळशीबाईचा. तुळशीबाई रीतीभातीची पक्की. कुठल्या सणाला उंबऱ्यावर कुठलं पाऊल आधी टाकायचं हेसुद्धा तिच्याकडून विचारून घ्यावं. भिकुबाईला रीत म्हणजे लक्षात राहिली तर पाळायची गोष्ट. दोघींचं कसं जमणार हा प्रश्न लग्नातच दोधूच्या मनात आला होता, पण तो बोलला नाही. तो बहुतेक वेळा बोलायचा नाही.

आता आखाजीचं सांगायला हवं. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. दिवाळीला लेक आली नाही तर इकडची आई समजून घेते, आखाजीला आली नाही तर समजून घेत नाही. सासरी गेलेल्या पोरी गाड्या जुंपून माहेरी येतात, निंबाला झोके टांगतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि तेवढे दिवस त्यांना कुणी काम सांगत नाही. त्याच दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तोंडावर डांगर, बाजूला आंबे. चुलीतल्या निखाऱ्यांवर गेलेल्यांच्या नावानं घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारी पडेपर्यंत घरातल्या कुणी आंब्याला तोंड लावायचं नाही. पितर उपाशी आणि आपण आंबा चोखतोय, हे कुणाला शोभेल?

शोभाच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा ऐन थंडीत तिचा सासरा गेला. पुढं चैत्रात तुळशीबाई प्रकाश्याला तापीच्या स्नानाला निघाली. गाडी नवल हाकत होता. उन्हाचा तडाखा होता आणि वाटेत व्याह्याचं गाव, म्हणून जरा टेकायला दोघं उतरले. भिकुबाईची धांदल उडाली. दुखवट्यातली विहीण पहिल्यांदा दारात आलेली, तिला काय द्यावं? भाकरी-वरणावर भिकुबाईचा स्वतःचाच भरवसा नव्हता. मग तिनं आपलं हुकमी पान काढलं. ताट भरून फळं चिरली आणि विहिणीपुढं ठेवली.

तुळशीबाईनं एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. मग विचारलं, "हाई आंबट काय शे?"

"कैरी शे, इहीनबाई. आपलाच मळानी."

तुळशीबाईचा हात ताटावरच थांबला. "आखाजीना आगोदर? मन्हा धनीनी पहिली घागर भरानी बाकी शे, आनि तू माले आंबा खावाडा?"

भिकुबाईनं इथं हात जोडायला हवे होते. चूक अजाणता झाली होती. नंदुरबारला तिच्या माहेरी पिकला आंबा तेवढा पाळायचे. कैरी लोणच्याला, पन्ह्याला चैत्रापासूनच घरात यायची आणि तिला कुणी आंबा म्हणत नसे. एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण जिभेला हाड नसतं, आणि भिकुबाईच्या जिभेला तर वेसणही नव्हती.

"कैरी काय आंबा शे का?" ती म्हणाली. "पिकस तवय आंबा."

"झाड तेच शे ना?" तुळशीबाई म्हणाली, आणि पाणीसुद्धा न पिता गाडीत जाऊन बसली.

त्या आखाजीला शोभा आली नाही. सासऱ्याची पहिली घागर सासरी भरायची होती, तेव्हा ते रीतीनंच होतं. पुढच्या वर्षी दोधू गाडी घेऊन लेकीला आणायला गेला आणि रिकामी गाडी घेऊन परत आला. तुळशीबाईनं त्याला पोटभर जेवू घातलं होतं, बैलांना सरकी घातली होती, आणि सांगितलं होतं, "पोर येवाव नई. तिन्ही मायले रीत समजत नई, तठे आखाजी कसानी?"

भिकुबाई आधी भांडली. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून दोधूशीच भांडली. मग चुलीवर सांजोऱ्या तळता तळता रडली. समोरच्या निंबाला तिनं आदल्या दिवशीच झोका टांगून ठेवला होता. गल्लीतल्या पोरी त्यावर बसायला आल्या तर तिनं कुणाला बसू दिलं नाही. असं करू नये हे तिलाही कळत होतं, पण लेकीच्या झोक्यावर दुसऱ्याची लेक बघवत नाही, त्याला काय करणार? शोभाला दिवस जाऊन पोट पडल्याची खबर त्याच पावसाळ्यात आली, तीही तिसऱ्याच्या तोंडून. आईला पोरीच्या उशाशी बसता आलं नाही.

खबर आणायची ती सकिना मणियारीण. शहाद्याची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती त्या पट्ट्यातली सगळी गावं फिरायची, त्यामुळं कुठल्या घरात काय शिजतंय हे तिला घरच्यांआधी कळायचं. होळीच्या आधी ती भिकुबाईच्या ओट्यावर येऊन बसली.

"पोर मजामा शे," सकिना म्हणाली. "हात भरना तवय रडनी मातर."

"काय बोलनी?"

"बोलनी, मायले सांग, मन्हा झोका सोडू नको."

भिकुबाईनं पदर तोंडाला लावला. सकिनानं तिला रडू दिलं. बांगड्या भरणाऱ्या बाईला ते चांगलं जमतं, रोज कुणाचा तरी हात दाबून धरायचा असतो. मग ती म्हणाली, "एक सांगू का, बहेन? तुन्ही इहीनले कैरी नई लागनी. तू भांडनी ते लागनं."

"मंग काय करू? तिन्हा पायरीवर नाक घसू?"

"नाक कसाले घसस? रीत पाळी दखाड."

हे भिकुबाईच्या मनात शिरलं. त्या होळीपासून तिनं घरात कैरी बंद केली. आखाजीची आगारी पडेपर्यंत लोणचं नाही, पन्हं नाही, वरणात फोडसुद्धा नाही. मळ्यातल्या झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडायचा आणि ती तो शेजाऱ्यांना वाटून टाकायची. दोधूला कैरीचं वरण जीव की प्राण. त्याच्या बायकोच्या वरणाला चव येण्याचा तेवढाच एक मार्ग होता. तो एकदा धीर करून बोलला, "कैरी आंबा नई, तूच बोलनी व्हती ना?"

"झाड तेच शे ना?" भिकुबाई म्हणाली.

पण ताटाचं काय? कैरीवाचून ते ताट म्हणजे नवऱ्यावाचून वरात. नुसतं लिंबू पिळलं तर फळाला पाणी सुटून मिरची तळाशी बसायची. चिंचेचा कोळ घातला तर सगळं ताट मातकट दिसायचं. गल्लीतल्या बाया खायच्या, पण सुई घेऊन लगेच घरी जायला लागल्या. भिकुबाईला ते फार झोंबलं. शेवटी बांधावरच्या बोरी उपयोगी पडल्या. पुढच्या थंडीत तिनं आंबटसर बोरं टोपलीभर गोळा करून कडक वाळवली, कुटून चाळली आणि ती भुकटी मिरची-मिठाबरोबर पाट्यावर घेतली. कोरडा, लालसर, आंबट-तिखट मसाला झाला. तो फोडीला चिकटून राहायचा आणि पाणी सुटू द्यायचा नाही. चैत्रात पहिलं ताट झालं तेव्हा बाया पुन्हा हाय हाय करायला लागल्या, आणि भिकुबाईनं ओळखलं की जमलं.

तिनं मसाल्याची पुडी बांधून सकिनापुढं ठेवली. "हाई तुळशीबाईले दे. डांगर बी लई जाय."

सकिना हसायलाच लागली. "डांगर देसू. मीठ कसं देऊ? मन्हा हातनं मीठ ती खाई का?"

ते खरं होतं. नुसतं फळ कुणाच्याही हातचं चालायचं. त्याला मीठ लागलं की ते अन्न झालं आणि मग हात कुणाचा ते बघायचं. त्याच सकिनानं तुळशीबाईच्या घरातल्या सगळ्या बायांची मनगटं धरून बांगड्या भरल्या होत्या, त्यानं काही बाटत नव्हतं. माणसाच्या अशा हिशेबाला डोकं लावू नये. सकिनाही लावत नसे. ती म्हणाली, "तुन्हा हातनं बिगडेल शे, तुन्हा हातनंच सुधराव."

म्हणून भिकुबाई स्वतः निघाली. न बोलावता विहिणीच्या दारी जायचं म्हणजे मानाचं गाठोडं घरी ठेवून जायचं. आईनं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून तिनं बरोबर तांब्या भरून घेतला. डांगर, काकडी, पपई, आपली विळी, आपलं ताट आणि मसाल्याची पुडी. दोधूनं गाडी हाकली आणि वाटभर एकच वाक्य बोलला, "आज भांडू नको." भिकुबाईनं त्यालाही उत्तर दिलं नाही, त्यावरून तिला किती धास्ती होती ते समजावं.

तुळशीबाई ओट्यावर बसली होती. तिनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दोधू आणि नवल दोघं बैलाचा खूर तपासायला लागले. खुराला काहीही झालेलं नव्हतं. शोभा दाराच्या आडून बघत होती. भिकुबाईला ती दिसली. पोर वाळली होती. तिच्याकडं बघत राहिलं तर आपल्याला रडू फुटेल आणि सगळंच बिघडेल, म्हणून भिकुबाईनं खाली बसून विळी मांडली.

"तुम्हना डोयासमोर चिरस," ती म्हणाली. "काय टाकस ते देखा."

तिनं डांगर चिरलं, पपई चिरली, काकडी चिरली. पुडी सोडून मसाला टाकला आणि एकदा हात फिरवून ताट पुढं सरकवलं. तुळशीबाईनं ताट नीट निरखलं. मग तिनं एक फोड उचलली.

"आंबट कसानं?" तिनं विचारलं.

"बोरं शेतस. वाळाडेल बोरं."

"कैरी नई?"

"कैरी आखाजीलगून मन्हा घरमा येत नई."

"कवयपाईन?"

"मांगला सालनी होळीपाईन. तुमी पानी न पिता गयात, चूक मन्ही व्हती, इहीनबाई. झाड तेच शे."

तुळशीबाईनं दुसरी फोड घेतली, ती हातातच ठेवली. मग ती हळू आवाजात, बाहेर पुरुषांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलायला लागली.

"चूक तुन्ही एकलीनी नई. पहिलाच घासले माले समजनं व्हतं का हाई कैरी शे. धनी गया तवयपाईन मन्हा तोंडले चवच नव्हती. भाकर माटीमायक लागे. तो पहिला घास असा लागना, का समजीसन दुसरा घास खादा. मंग मन्हीच माले लाज वाटनी. राग मन्हावर व्हता, काढा तुन्हावर."

भिकुबाईनं पदरानं विळी पुसली.

"त्याच दिन परकाशाले आंबा सोडा," तुळशीबाई म्हणाली. "पिकेल बी, कैरी बी. मन्हा जीव शे तठलोंग."

तीर्थावर जाऊन गेलेल्या माणसाच्या नावानं आवडतं फळ सोडायची रीत आहे. शहाणी माणसं त्यातल्या त्यात न आवडणारं फळ सोडतात आणि सुखात राहतात. तुळशीबाई तशी नव्हती. दारात आंब्याची तीन झाडं असलेल्या बाईनं दोन घासांसाठी जन्माचा आंबा सोडला होता. भिकुबाई इतकी वर्षं आपल्याच रिकाम्या झोक्याकडं बघत बसली होती. समोरच्या बाईनं काय गमावलं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला फार वाईट वाटलं, आणि शरमही वाटली.

"शोभा," तुळशीबाईनं आत हाक मारली, "गाठोडं बांध. मायसंगे जाय." आणि हातातली फोड तिनं तोंडात टाकली.

त्या आखाजीला शोभानं झोका इतका उंच नेला की दोधू खाली उभा राहून ओरडत होता. पुढं ती दर आखाजीला यायची, कधी कडेवर पोर, कधी बोटाला. आणि दर चैत्रात भिकुबाई डांगर आणि बोरांची पुडी घेऊन तुळशीबाईच्या ओट्यावर जायची. दोघी एका ताटात खायच्या आणि बाकी सगळ्यावरून भांडायच्या. गौराईची आरास कशी करावी, नातवाचे केस कधी उतरवावे, काशीफळाची भाजी गोड असावी की तिखट. कैरीवरून मात्र पुन्हा कधी भांडण झालं नाही. एकदा खाता खाता तुळशीबाई म्हणाली, "बोरं चांगला शेतस. पन ते कैरीवालं ताट काही औरच व्हतं." भिकुबाईनं तिच्यापुढं काकडीची फोड सरकवली.

मोठ्या लढाईची वर्षं आली, रॉकेल मिळेना, साखर दिसेना. त्यातल्याच एका थंडीत तुळशीबाई गेली. फार दिवस अंथरुणावर नव्हती.

आखाजी आली. तुळशीबाईची पहिली घागर नवलच्या घरी भरायची, म्हणून शोभा माहेरी येणार नव्हती. भिकुबाईनं झोका टांगलाच नाही. आपल्या घरची आगारी तिनं सकाळीच उरकून घेतली, दोधूला गाडी जुंपायला लावली आणि उन्हं वर यायच्या आत लेकीच्या दारी पोचली. मांडीवर ताट झाकलेलं होतं.

चुलीपुढं पाट मांडला होता. नव्या घागरीवर डांगर ठेवलं होतं, पण बाजूला आंबे नव्हते. निखारे तयार होते. नवल आईच्या नावानं सांजोरीचा घास हातात घेऊन बसला होता. भिकुबाईनं फडकं काढून ताट त्याच्यापुढं सरकवलं. डांगर, काकडी, पपई, लाल मिरची, आणि पातळ चिरलेली कैरी, साल ठेवून.

नवल कचरला. "मायनी आंबा सोडेल व्हता."

"जीव शे तठलोंग, आशीच बोलनी व्हती ती. मी तठेच बठेल व्हतू," भिकुबाई म्हणाली. "आते तिले कसानी बंधी? पंधरा साल बोरं खादी तिनी. टाक."

शोभानं नवऱ्याकडं बघून मान हलवली. नवलनं सांजोरीच्या घासावर कैरीच्या दोन फोडी ठेवल्या आणि आईचं नाव घेऊन निखाऱ्यावर सोडल्या. कैरी चरचरली. मिरचीचा धूर उठला आणि घरभर ठसका पसरला. नवल खोकला, पोरं शिंकत अंगणात पळाली, दोधू ओट्यावरून आत बघायला आला आणि तोही खोकत बाहेर गेला. शोभा पदरानं धूर वारायला लागली. भिकुबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिनं ते मिरचीवर ढकललं नाही. "पोचनं तिले."